भाकरीचा मुलूख, उसाचं बेट: चौथी-पाचवीच्या देशओळखीच्या नोंदी (२०२३-२४)

१७ जून २०२३, शनिवार

परवा शाळा उघडली. चौथी-पाचवी एकत्र माझ्याकडे, पट एकतीस. आमचं गाव पाथर्डी तालुक्यात, गर्भगिरीच्या डोंगररांगेत. एकतिसांपैकी सतरा मुलांच्या घरचे दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. त्यातली काही मुलं आजी-आजोबांकडे मागे राहतात, काही आई-वडिलांबरोबर जातात. म्हणजे माझ्या हातात पूर्ण वर्ग असतो तो जून ते ऑक्टोबर एवढाच.

यंदा शनिवारचे शेवटचे दोन तास देशांसाठी ठेवायचे ठरवलं. मुख्याध्यापक सरांनी होकार दिला. कपाटातला पृथ्वीगोल बाहेर काढून पुसला. तो अक्षावर नीट फिरत नव्हता, खाली पत्र्याची चकती घातली. वीस देशांचे तक्ते केले: झेंडा, राजधानी, चलन, भाषा, पोशाख.

१ जुलै २०२३, शनिवार

वीसही देश पाठ झाले. मी "केनिया" म्हटलं की वर्ग "नैरोबी" म्हणतो. सर खिडकीत उभे राहून ऐकत होते, त्यांना आवडलं. मला मात्र आत काहीतरी खटकत राहिलं. सुट्टीत पाचवीतली एक मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "मॅडम, तिकडं भाकर भेटती का?"

कुठे, असं मी विचारलं. "तिकडं सगळीकडं."

तिच्या प्रश्नाला माझ्या एकाही तक्त्यात उत्तर नाही.

८ जुलै २०२३, शनिवार

आज फक्त नकाशा. भिंतीवरच्या जगाच्या नकाशात ग्रीनलँड आणि आफ्रिका जवळपास सारखे दिसतात. मुलांनी बोटांनी मापून "सारखेच" असा निकाल दिला. मग पृथ्वीगोलावर तेच मापायला लावलं. वर्गात गलका झाला. आफ्रिका खंड सुमारे तीन कोटी चौरस किलोमीटरचा, ग्रीनलँड साडेएकवीस लाखांच्या आसपास. म्हणजे एका आफ्रिकेत चौदा ग्रीनलँड मावतील.

नकाशा खोटं का बोलतो हे सांगायला मोसंबी आणली होती. प्रत्येक गटाने साल एकसंध सोलायची आणि पाटीवर सपाट करायची. साल फाटते नाहीतर ताणावी लागते. मर्केटरने १५६९ साली केलेला नकाशा खलाशांसाठी होता. जहाजाची दिशा चुकू नये म्हणून त्याने ध्रुवांकडचा भाग ताणला. खलाशांचं काम झालं आणि तोच ताणलेला नकाशा जगभरच्या भिंतींवर गेला. पाचवीच्या मुलांना हे पूर्ण समजलं. चौथीच्या निम्म्यांना समजलं, उरलेल्यांनी मोसंबी खाल्ली.

पुढे केव्हाही देशाची ओळख करून द्यायची तर आधी गोलावर बोट ठेवायचं, नकाशा नंतर, हे ठरवून टाकलं.

१६ ऑगस्ट २०२३, बुधवार

कालची गोष्ट लिहिणं जड जातंय, पण लिहिते.

स्वातंत्र्यदिनाला 'देशोदेशीचे वेश' असा कार्यक्रम मीच बसवला होता. जपान झालेली मुलगी आईच्या साडीचा किमोनो करून आली. मागच्या बाकावरचा एक मुलगा, घरची परिस्थिती बेताची, साडी नाही की टोपी नाही. त्याने तव्याची काजळी तोंडाला फासली, कमरेला कडुलिंबाचे डहाळे बांधले आणि हातात काठी घेऊन आला. "मी आफ्रिका," म्हणाला. गावातली माणसं पोट धरून हसली. कोणीतरी "हबशी आला रे" असं ओरडलं. मुलगा खूश होता, त्याला टाळ्या मिळाल्या.

दोष त्याचा नाही. तक्त्यावर पोशाखाचा रकाना मी आखला होता. चोपन्न देशांच्या खंडाला एक पोशाख मी दिला होता, आणि त्या खंडातल्या एकाही माणसाची ओळख मुलांना करून दिली नव्हती. जिथे माणूस नसतो तिथे मुलं काजळी फासणार.

रात्री वीसच्या वीस तक्ते उतरवले. गुंडाळी करून कपाटावर ठेवले.

१९ ऑगस्ट २०२३, शनिवार

नव्याने सुरुवात. वीस देश नकोत. दिवाळीपर्यंत एकच देश, इथिओपिया. कारण तीन: तिथल्या मुलुखाशी आपल्या ताटाचं नातं आहे, आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाचं नातं आहे, आणि त्या काजळीचं उत्तर मला त्याच मुलांसमोर द्यायचं आहे.

तक्त्यांऐवजी प्रत्येकाला एक वही. वहीच्या पहिल्या पानावर पाच प्रश्न. प्रश्न मुलांनीच सुचवले, मी फक्त निवडले.

तिथली माणसं सकाळी काय खातात? घर कशाचं असतं? आई-वडील काय काम करतात? आपल्याएवढी मुलं शाळेला कशी जातात? त्यांच्या भाषेत "ये, बस" कसं म्हणतात?

सहावा प्रश्न मी घातला: त्यांचं नवं वर्ष कधी सुरू होतं?

आज पहिल्या प्रश्नावर दोन तास गेले. पाटीवर ज्वारीची मूठ ठेवली. ज्वारी हे मुळात ईशान्य आफ्रिकेतलं धान्य. आजच्या सुदानच्या भागात माणसांनी ती हजारो वर्षांपूर्वी पेरायला घेतली आणि समुद्रमार्गे ती आपल्याकडे आली. बाजरीही आफ्रिकेची, पण पश्चिमेकडच्या, सहाराच्या दक्षिणेच्या पट्ट्यातली. भाकरीची चौकशी करणारी मुलगी पहिल्याच बाकावर होती. "म्हणजे भाकर त्यांची हे का?" असं तिने विचारलं. पीठ त्यांचं, थापणं आपलं, असं मी सांगितलं. तिने तसंच वहीत लिहून घेतलं.

इथिओपियात रोजच्या जेवणात इंजेरा असते. टेफ नावाच्या मोहरीहूनही बारीक धान्याचं पीठ भिजवायचं, दोन-तीन दिवस आंबवायचं आणि मोठ्या तव्यावर ओतायचं. एकाच बाजूने भाजतात, वर जाळी पडते. टेफ महाग पडतं तिथे ज्वारीचीही करतात. मुलांनी लगेच घरच्या गोष्टी काढल्या. कोणाची आजी आंबील करते, कोणाच्या घरी धिरडी होतात. एका ताटात इंजेरा पसरून वर कालवणं वाढायची आणि भोवती बसून सगळ्यांनी उजव्या हाताने तोडून खायचं, ही तिथली रीत मुलांना फार आवडली.

पाऊस नाही. अख्खा ऑगस्ट कोरडा चाललाय, बाजरी माना टाकतेय. मुलं घरी ज्याची चर्चा ऐकतात तेच वर्गात बोलतात. तिकडेही पाऊस पडत नाही का, असं विचारलं. तिथे १९८० च्या दशकात मोठा दुष्काळ पडला, लाखो माणसं गेली, हे मी सांगितलं. पण तेवढंच सांगून थांबले नाही. आता सुमारे बारा कोटी माणसांचा हा देश आहे, महाराष्ट्राच्या साडेतीन पट मोठा, डोंगराळ आणि बराचसा हिरवा. दुष्काळ हे त्या देशाचं एक पान आहे, अख्खी वही नव्हे. आपल्याकडचा १९७२ चा दुष्काळ आठवणारी आजोबा मंडळी मुलांच्या घरात आहेत, त्यामुळे हे त्यांना पटकन उमगलं.

२ सप्टेंबर २०२३, शनिवार

आजचा दिवस माझ्या अठरा वर्षांच्या नोकरीत लक्षात राहील.

अम्हारिक भाषेची लिपी फळ्यावर काढली. त्यांच्या लिपीत एकेका व्यंजनाचं एक अक्षर असतं आणि स्वर बदलला की त्याच अक्षराला कुठे शेपूट, कुठे पाय, कुठे गोल लागतो. एका व्यंजनाची अशी सात रूपं. "ल"चं बघा: लअ, लू, ली, ला, ले, ल्, लो. मी चौथं रूप लिहीपर्यंत मागून आवाज आला, "मॅडम, ही तर बाराखडी!"

आवाज त्या काजळीवाल्या मुलाचा होता. वाचनात तो मागे आहे, बाराखडी त्याला दुसरीच्या अखेरीस जमली होती. आज त्याने दुसऱ्या लिपीतली बाराखडी ओळखली. मग आम्ही तिला सातखडी नाव दिलं. बत्तीस-तेहतीस व्यंजनांची सातखडी, म्हणजे दोनशेच्या वर अक्षरं. इथिओपियातली पहिलीतली मुलं ती घोकतात हे कळल्यावर सगळ्यांना त्यांची दया आली. त्या मुलांनाही आपल्या जोडाक्षरांची दया येईल, असं मी सांगितलं.

(सोमवारी जोडलेलं) घरचा अभ्यास दिला नव्हता. तरी आज अकरा वह्यांमध्ये अम्हारिकमधलं "सलाम" होतं. तिथेही नमस्काराला सलाम म्हणतात.

९ सप्टेंबर २०२३, शनिवार

आज इथिओपियात तेरावा महिना चालू आहे.

हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि गप्प बसले. मुलांना वाटलं मी चुकले. त्यांच्या पंचांगात तीस दिवसांचे बारा महिने आणि वर उरलेल्या पाच दिवसांचा तेरावा, त्याचं नाव पागुमे. चौथ्या वर्षी तो सहा दिवसांचा होतो, यंदा तसाच आहे. यंदा आपलाही श्रावण अधिक होता. धोंड्याचा महिना नुकताच सरला, जावयांचे अनारसे मुलांनी खाल्लेत. त्यामुळे "उरलेले दिवस कुठेतरी घालावेच लागतात" हे सांगावं लागलंच नाही. चंद्राचं वर्ष आणि सूर्याचं वर्ष यांचा मेळ घालायला आपण तीनेक वर्षांनी महिना वाढवतो, ते दरवर्षी पाच दिवस घालतात.

घड्याळाचं तर आणखी मजेशीर. आपल्या सकाळच्या सातला तिथे एक वाजतो. दिवस उजाडला की तास मोजायला सुरुवात. तिथे शाळा आठला भरत असेल तर मुलं "दोनला शाळा" असं म्हणणार. एका मुलाने आपल्या आजोबांचं सांगितलं, "दिस कासराभर वर आला की निघू, असं म्हणत्यात." तेही सूर्यापासूनच मोजणं. ज्यांच्याकडे आजही कासऱ्याने दिवस मोजतात त्यांना ते घड्याळ विचित्र वाटत नाही. विचित्र वाटलं ते मला.

१२ सप्टेंबर २०२३, मंगळवार

एन्कुतातश. इथिओपियाचं २०१६ साल आज सुरू झालं. आपल्यापेक्षा ते सात-आठ वर्षं मागे चालतात, म्हणून आज सगळ्यांना आपापली वयं मोजून बघायची होती. चौथीतली दोघं "मग आपण तिकडं बालवाडीत!" म्हणून नाचत होती. वय बदलत नाही, जन्मसालही मागेच जातं, हे समजावायला पंधरा मिनिटं गेली.

भावाने पुण्याहून कॉफीच्या कच्च्या बिया पाठवल्या होत्या. शाळेच्या चुलीवर तव्यात भाजल्या. कॉफीचं झाड मूळचं इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडच्या रानातलं. तिथे पाहुणा आला की घरातली बाई जमिनीवर ओलं गवत पसरते, बिया समोर भाजते, धूर पाहुण्यांच्या नाकापर्यंत नेते, कुटते आणि जेबेना नावाच्या मातीच्या, उंच मानेच्या भांड्यात उकळते. कॉफी तीनदा वाढायची: अबोल, तोना, बरका. पहिल्या कपानंतर उठून जाणं बरं दिसत नाही. बरोबर लाह्या किंवा भाजलेलं जव. लाह्या आमच्याकडे होत्याच, नागपंचमीला भाजलेल्या ज्वारीच्या एका घरून डबाभर आल्या.

मुलांना कॉफी अर्धा-अर्धा घोटच दिली, दूध-साखर घालून. खरी चव स्वयंपाकाच्या मावशींनी घेतली, बिनसाखरेची. "कडू हाय, पर वास चांगलाय," म्हणाल्या. गवत पसरायला हिरवं गवत मिळेना. शेवटी ओढ्याच्या कडेचं थोडं आणलं.

२३ सप्टेंबर २०२३, शनिवार

"हबशी" या शब्दाचा आज निकाल लावला.

मुलांना विचारलं, हबशी म्हणजे काय. "काळा," "राक्षस," "लई खाणारा." मग सांगितलं, अरबीत त्या मुलुखाला अल-हबश म्हणत, म्हणजे आजचा इथिओपिया आणि आसपास. तिथले लोक आजही स्वतःला अभिमानाने हबेशा म्हणवतात. आपल्याकडे आलेल्या त्या माणसांना हबशी म्हणू लागले. म्हणजे "मराठा" किंवा "कानडी" म्हणावं तसा हा मुलुखाचा शब्द.

आणि मग मलिक अंबर. सोळाव्या शतकाच्या मध्यावर हबश देशात जन्मलेला मुलगा. लहानपणी विकला गेला, बाजारातून बाजारात, बगदादवरून थेट दख्खनमध्ये. आपल्या नगरच्या निजामशाहीत गुलाम म्हणून आला आणि पुढे त्याच निजामशाहीचा कारभारी झाला. मोगलांना त्याने वर्षानुवर्षं दख्खनमध्ये पाय रोवू दिला नाही. १६१० साली खडकी वसवली, आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथे जमिनीखालून नळांनी पाणी आणलं. त्याची जमीनमोजणी आणि सारापद्धत इतकी नावाजली की ती मलिकंबरी म्हणून ओळखली गेली. १६२४ ची भातवडीची लढाई आपल्या नगरपासून जवळच झाली, त्यात शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी कामी आले. शहाजीराजांचं नाव आलं तसे चौथीवाले ताठ बसले. त्यांच्या इतिहासाच्या पुस्तकातलं माणूस माझ्या देशओळखीत आलं होतं. १६२६ साली मलिक अंबर वारला, त्याची कबर खुलताबादला आहे.

त्या मुलाकडे मी मुद्दाम बघितलं नाही. तास संपल्यावर तो आपण होऊन आला. म्हणाला, "मॅडम, पुढच्या पंधरा ऑगस्टला मी मलिक अंबर होतो. फेटा पायजे मंग." फेट्याचं मी बघते, असं सांगितलं. काजळीचं नाव त्याने काढलं नाही, मीही नाही.

७ ऑक्टोबर २०२३, शनिवार

अबेबे बिकिला. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन अनवाणी धावून जिंकला. १९६४ ला टोकियोत पुन्हा जिंकला, तेव्हा पायात बूट होते. सुट्टीत सगळा वर्ग चपला काढून मैदानाला फेऱ्या मारत होता. आमची निम्मी मुलं एरवीही अनवाणीच धावतात. आज ती गोष्ट त्यांना मिरवावीशी वाटली.

लालिबेलाच्या एकाच खडकातून कोरलेल्या अकरा चर्चची चित्रं दाखवली. वरून खाली कोरत जायचं, आपल्या वेरूळच्या कैलासासारखं. वेरूळ पाहिलेली चारच मुलं आहेत, त्यामुळे हा भाग थोडक्यात आटोपला.

४ नोव्हेंबर २०२३, शनिवार

ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या. काही ट्रक दसऱ्यानंतरच गेले, उरलेले दिवाळीनंतर. मुकादम घरोघर फिरतायत. वर्गात लक्ष नाही. जाणाऱ्या नऊ मुलांची शिक्षण हमी पत्रकं आज भरली. हा कागद घेऊन उसाच्या फडाजवळच्या शाळेत गेलं की तिथे बसू देतात. एका मुलीने ते वहीत चिकटवलं. "हे माजं पासपोर्ट," म्हणाली.

ही मुलं जाण्याआधी मला एक देश त्यांच्या हातात द्यायचा होता. तो मॉरिशस.

हिंदी महासागरातलं बेट, आपल्या नगर जिल्ह्याच्या आठव्या हिश्श्याहूनही थोडं लहान. माणसं साडेबारा लाखांच्या आसपास. गोलावर बोट ठेवलं तर अख्खं झाकलं जातं. १८३४ सालच्या २ नोव्हेंबरला, म्हणजे परवाच्याच तारखेला, अॅटलास नावाचं जहाज छत्तीस हिंदुस्थानी मजूर घेऊन तिथल्या पोर्ट लुईला लागलं. कशासाठी, असं विचारल्यावर पाच-सहा अंदाज आले. मी म्हटलं, ऊस.

वर्ग एकदम गप्प.

त्याआधी तो ऊस मादागास्कर आणि मोझांबिकहून पकडून आणलेली गुलाम माणसं तोडत. १८३५ ला तिथे गुलामी बंद होणार होती. मळेवाल्यांना माणसं हवी होती, मग पाच वर्षांच्या करारावर हिंदुस्थानातून नेली. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत जवळपास पाच लाख माणसं गेली. मुख्यतः बिहार-उत्तर प्रदेशची, तमिळ आणि तेलुगू मुलखातली, आणि मुंबई बंदरातून आपली मराठी माणसंही, बरीचशी कोकणातली.

"म्हंजी उचल घेऊन गेले," मागून एक मुलगा म्हणाला. तो विचारत नव्हता.

आगाऊ पगार मिळायचा, हे मी सांगितलं. प्रत्येकाला नंबर होता, पुढे प्रत्येकाचा फोटोही काढून ठेवत. ती दप्तरं मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत आणि पणतू-खापरपणतू तिथे जाऊन आपल्या माणसाचं गाव शोधतात. जिथे उतरले त्या दगडी पायऱ्यांच्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून ती जागतिक वारसा आहे. २ नोव्हेंबरला तिथे सुट्टी असते. कोयत्यावाल्यांच्या नावाने देशभर सुट्टी. हे वाक्य मी दोनदा सांगितलं.

मग ज्याला त्याला आपलं काही सापडत गेलं. तिथल्या नोटेवर देवनागरी अक्षरं आहेत. गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. काही शाळांमध्ये आजही मराठी शिकवतात. कोकणातली जाखडी तिथे झाकरी म्हणून नाचतात. पुरणपोळीची बहीण शोभेल अशी डाळपुरी रस्त्यारस्त्यावर विकतात, तिच्यात वाटाण्याची डाळ तिखटमिठाची. आणि गुलाम माणसांनी जपलेला सेगा नाच, त्याच्या साथीला रवान नावाचं बकऱ्याच्या कातड्याचं वाद्य. वाजवण्याआधी ते जाळावर शेकून कातडं ताणून घेतात. आमच्या गावात हलगी वाजवणाऱ्या घरातला मुलगा उभा राहिला आणि हलगी कशी शेकायची, किती लांब धरायची, जास्त शेकली तर कशी फाटते, हे त्याने हातवारे करून दाखवलं. हा मुलगा वर्गात क्वचितच बोलतो.

निघताना "की मानियेर?" शिकवलं. क्रिओल भाषेत, कसं काय.

९ डिसेंबर २०२३, शनिवार

वर्गात बावीस. मागे राहिलेल्या आठ मुलांचं सकाळ-संध्याकाळचं जेवण आता शाळेतल्या हंगामी वसतिगृहात. संध्याकाळी त्यांचे चेहरे उतरतात.

त्यांच्यासाठी मंगोलिया निवडला. आपल्या जिल्ह्याच्या नव्वद पट जमीन आणि माणसं जिल्ह्यापेक्षाही कमी, पस्तीस लाखांच्या आसपास. तिथली गुरं राखणारी कुटुंबं ऋतूप्रमाणे चाऱ्यामागे हलतात. मुलं मात्र शाळेच्या गावी वसतिगृहात राहतात. थंडी उणे तीसच्या खाली जाते. सुट्टीत वडील घोड्यावरून किंवा मोटारसायकलवरून न्यायला येतात.

"रडत्यात का ती?" असं एकीने विचारलं. पहिल्या वर्षी रडत असतील, असं मी म्हटलं. "मंग?" मग मोठी मुलं समजूत घालत असतील. ती बराच वेळ वहीत काहीतरी काढत बसली. एक लांब खोली, सात खाटा, प्रत्येक खाटेवर एक मूल. खिडकीतून घोडा दिसतो.

६ जानेवारी २०२४, शनिवार

धनगर घरातल्या एका मुलीची आजी घोंगडी घेऊन वर्गात आली. लोकर कशी कातरतात, सूत कसं काढतात, खळ कशी देतात, सगळं तिने सांगितलं. मग मी मंगोलियाचं गेर सांगितलं. लाकडी जाळीच्या घडीच्या भिंती, वर लोकर भिजवून, दाबून, लाटून केलेल्या नमद्याचं पांघरूण, छताला गोल भोक, दार दक्षिणेकडे. मुक्काम हलला की सगळं उतरवून उंटावर किंवा गाडीवर. सूत न काढता, न विणता लोकरीचं कापड होतं हे आजींना पटेना. ओली लोकर, साबण आणि गरम पाणी घेऊन आम्ही हातभर तुकडा करून पाहिला. जमला. एका कडेला विरळ झाला, पण जमला. आजी तो तुकडा घरी घेऊन गेल्या, सुनेला दाखवायला.

उन्हाळ्यातल्या नादाम उत्सवात लहान मुलं मैलोनमैल घोड्यांची शर्यत लावतात, हे ऐकून मुलगे वेडे झाले. त्यात मुलं पडतात, जायबंदी होतात आणि त्यावरून तिथे वादही आहेत, हेही सांगितलं. देश आवडायला लागला की त्याच्या अवघड गोष्टीही सांगाव्यात, लपवू नयेत, असं माझं मत होत चाललंय.

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार

सुट्टीत फोनवर एक ध्वनिसंदेश आला. तो काजळीवाला मुलगा. फडावरून, कोणाच्या तरी मोबाइलवरून. मागे ट्रॅक्टरचा आवाज. "मॅडम, की मानियेर? इथं आमच्या शेजारच्या कोपीत नंदुरबारकडची माणसं हायेत. त्यांची भाषा लई वेगळी. मी वही काढलीय."

एवढाच संदेश. कोपी म्हणजे फडावरची पाचटाची झोपडी. तीनदा ऐकला, मग वर्गाला ऐकवला.

६ एप्रिल २०२४, शनिवार

पाडव्याच्या आत बहुतेक टोळ्या परत आल्या. आज वर्गात एकोणतीस. वह्यांचं प्रदर्शन लावायचं होतं, म्हणून सगळ्या बाकांवर मांडल्या.

त्या काजळीवाल्या मुलाच्या वहीत इथिओपिया आणि मॉरिशसनंतरच्या पानावर शीर्षक आहे, "सातपुड्याची माणसं". खाली पाच प्रश्न ओळीने. खाणं: ज्वारीची भाकर, "आपल्यासारखीच पन जाड". घर: गावाकडे बांबूचं कूड, वर मातीचा लेप. काम: पावसाळ्यात डोंगरात शेती, मग ऊस. शाळा: त्याच्या वयाचा तिथला मुलगा आश्रमशाळेत होता, आता आई-वडिलांबरोबर आलाय. भाषेच्या ओळीत तीन शब्द. मी ते वाचून उच्चारले, त्याने दोनदा मला दुरुस्त केलं. मी घातलेल्या सहाव्या प्रश्नात त्याने फेरफार केला आहे, "त्यांचा सर्वात मोठा सण कोनता" असं लिहिलंय आणि पुढे "होळी. होळीच्या आधी सगळी टोळी गावी गेली. मुकादम नको म्हनत होता तरी गेली. रातभर ढोल वाजवत्यात."

पोशाखाची ओळ नाही.

मी विचारलं, त्या मुलाने तुला काही विचारलं का. "सगळे प्रश्न इचारले," म्हणाला. "मी सांगितले. एकच अडलं. घर कशाचं असतं म्हनला. आता मी कोनतं सांगू मॅडम, गावातलं का कोपी?"

मग काय सांगितलंस?

त्याने पान उलटलं. डाव्या बाजूला पत्र्याचं घर, दारात बाभळ. उजव्या बाजूला पाचटाची कोपी, दारात चूल. दोन्हीच्या खाली आमच्या गावाचं नाव.